पीट रोझ : बंदी उठली, पण सन्मान द्यावा का?

१३ मे २०२५ रोजी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी एक निर्णय जाहीर केला. सट्टा किंवा त्या स्वरूपाच्या गैरप्रकारांमुळे ज्यांना खेळातून कायमचे अपात्र ठरवण्यात आले होते, त्यांची अपात्रता त्यांच्या मृत्यूबरोबर संपते, असे त्यांनी ठरवले. या एका निर्णयाने सोळा दिवंगत खेळाडू आणि एक दिवंगत संघमालक अशा सतरा जणांची नावे अपात्रांच्या यादीतून निघाली. त्यांत १९५१ साली वारलेला ‘शूलेस’ जो जॅक्सन होता आणि अवघ्या काही महिन्यांपूर्वी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, लास व्हेगसमध्ये वयाच्या ८३व्या वर्षी वारलेला पीट रोझही होता. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन गावी बेसबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. तिथे आपला कांस्यफलक लागावा, यासाठी रोझने आयुष्याची शेवटची पस्तीस वर्षे धडपड केली. तो जिवंत असताना ते दार उघडले नाही, आता मात्र ते किलकिले झाले आहे.

सट्ट्यामुळे बंदी आलेल्या खेळाडूला क्रीडासन्मान द्यावा की नाही, हा प्रश्न हवेत विचारला तर त्याचे उत्तरही हवेतच राहते. म्हणून एकच प्रकरण घेऊन ते शेवटपर्यंत तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे. माझे मत आधीच सांगतो. मृत्यूनंतर बंदी उठवण्यात मला काही गैर वाटत नाही, परंतु रोझला हॉल ऑफ फेमचा फलक मिळू नये. तसेच, तो द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार मतदारांकडेच राहायला हवा होता. १९९१ साली तो त्यांच्याकडून ज्या पद्धतीने काढून घेण्यात आला, ती पद्धत चुकीची होती.

रोझ कोण होता

बेसबॉलमध्ये ‘हिट’ म्हणजे फलंदाजाने चेंडू असा मारणे की क्षेत्ररक्षकांची चूक न होता आणि कोणी बाद न होता त्याला किमान पहिला बेस गाठता यावा. उत्तम फलंदाजालाही हे दहापैकी सात वेळा साधत नाही. रोझने ते ४,२५६ वेळा साधले. १९६३ ते १९८६ या चोवीस हंगामांत तो ३,५६२ सामने खेळला. हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत. सतरा वेळा त्याची ऑल-स्टार संघात निवड झाली आणि तीही पाच वेगवेगळ्या जागांसाठी. सिनसिनाटी रेड्स संघाबरोबर १९७५ व १९७६ मध्ये आणि फिलाडेल्फिया फिलीजबरोबर १९८० मध्ये त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली. १९७८ मध्ये सलग ४४ सामन्यांत त्याने किमान एक तरी हिट मिळवली.

आकड्यांनी त्याची लोकप्रियता पुरती समजत नाही. गोलंदाजाने, म्हणजे पिचरने, चार चेंडू चुकीच्या जागी टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो आणि सगळे फलंदाज तिथे निवांत चालत जातात. रोझ तेव्हाही जीव तोडून धावत जायचा. सुरुवातीला थट्टेने पडलेले ‘चार्ली हसल’ हे नाव पुढे त्याचे बिरुद झाले. तो मूळचा सिनसिनाटीचाच होता. निसर्गदत्त देणगी बेताची असूनही निव्वळ मेहनतीवर शिखर गाठलेला आपला माणूस, अशी त्याची त्या शहरातली प्रतिमा होती आणि ती खोटी नव्हती.

११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट स्टेडियममध्ये सॅन डिएगोच्या एरिक शोच्या चेंडूवर त्याने टाय कॉबचा ४,१९१ हिट्सचा विक्रम मोडला. पहिल्या बेसवर उभ्या उभ्याच त्याला रडू कोसळले आणि प्रेक्षकांच्या टाळ्या सुमारे सात मिनिटे थांबल्या नाहीत. अमेरिकी क्रीडाइतिहासातील हा एक भारलेला क्षण आहे. पुढे आलेल्या चौकशी अहवालात ज्या हंगामांतील सट्ट्याचा उल्लेख आहे, त्यांत १९८५चाही हंगाम आहे. या प्रकरणाचा विचार करताना मला ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

त्या काळात रोझ केवळ खेळाडू नव्हता. ऑगस्ट १९८४ पासून तो रेड्सचा मॅनेजरही होता. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला प्रशिक्षक आणि कर्णधार यांची मिळून एकच व्यक्ती. त्या दिवशी कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार, पिचर केव्हा बदलायचा, कोणाला विश्रांती द्यायची हे सगळे तोच ठरवतो. १९८५ आणि १९८६ या दोन हंगामांत रोझने संघाच्या यादीत स्वतःचे नाव स्वतःच्याच हाताने लिहिले. त्या दोन हंगामांत त्याची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींत हिट्सचे प्रमाण, अनुक्रमे ०.२६४ आणि ०.२१९ अशी घसरलेली होती. तरी ४,२५६ पैकी १५९ हिट्स त्याच काळातल्या आहेत.

नियम आणि त्याचा इतिहास

१९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या, जो जॅक्सनसह, आठ खेळाडूंवर ठपका आला की त्यांनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मालिका हरण्याचे कारस्थान केले. जिंकलेला संघ सिनसिनाटी रेड्स होता, म्हणजे पुढे ज्या संघाशी रोझचे नाव कायमचे जोडले गेले तोच. त्या प्रकरणानंतर केनेसॉ माउंटन लँडिस या न्यायाधीशांना बेसबॉलचे पहिले आयुक्त नेमण्यात आले. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयाने खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचे बाहेर काढले. न्यायालयात गुन्हा शाबीत झाला नाही तरी खेळाला स्वतःची शिस्त लावण्याचा अधिकार आहे, ही भूमिका तेव्हापासून रुजली.

पुढे नियम २१ मध्ये सट्ट्याचे कलम स्पष्ट शब्दांत आले. ज्या सामन्याशी आपला काही संबंध नाही अशा बेसबॉल सामन्यावर पैज लावली तर एक वर्षाची बंदी, आणि ज्या सामन्यात आपल्याला काही कर्तव्य बजावायचे आहे त्या सामन्यावर, रक्कम कितीही असो, पैज लावली तर कायमची अपात्रता. पैज आपल्या संघाच्या बाजूने की विरोधात, असा भेद या कलमात नाही. हे कलम प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेले असते. रोझने चोवीस वर्षे आपला गणवेश अशाच खोल्यांत चढवला. नियम माहीत नव्हता असा बचाव त्याने कधी केला नाही, तो करणे शक्यही नव्हते.

१९८९

फेब्रुवारी १९८९ मध्ये तेव्हाचे आयुक्त पीटर युबेरॉथ यांनी रोझला न्यूयॉर्कला बोलावून विचारणा केली. एप्रिलमध्ये त्यांच्या जागी बार्ट जियामाटी आले. ते येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष होते आणि साहित्याचे प्राध्यापकही. चौकशीचे काम वकील जॉन डाऊड यांच्याकडे होते. मे महिन्यात त्यांनी २२५ पानांचा अहवाल दिला. बँकेतील नोंदी, दूरध्वनीच्या नोंदी, सट्टा घेणाऱ्यांचे व पैजा पोहोचवणाऱ्यांचे जबाब, आणि हस्ताक्षरतज्ज्ञाने रोझच्या हातच्या म्हटलेल्या पैजेच्या चिठ्ठ्या त्याला जोडलेल्या होत्या. रोझने १९८५, १९८६ आणि १९८७ या हंगामांत बेसबॉलवर, आणि त्यातही स्वतःच्या रेड्स संघाच्या सामन्यांवर, पैजा लावल्याचा निष्कर्ष त्यात आहे. एकट्या १९८७च्या हंगामातील रेड्सच्या ५२ सामन्यांवरील पैजांचा तपशील त्यात दिला आहे. रोझने स्वतःच्या संघाच्या विरोधात पैज लावल्याचा पुरावा मिळाला नाही, असेही अहवालात नमूद आहे.

रोझ ओहायोच्या न्यायालयात गेला आणि सुनावणी काही काळ रोखण्यात त्याला यशही आले. अखेर २३ ऑगस्ट १९८९ रोजी त्याने एका करारावर सही केली. त्या कराराची रचना नीट पाहिल्याशिवाय पुढचा पस्तीस वर्षांचा वाद कळत नाही. रोझने कायमच्या अपात्रतेची शिक्षा स्वीकारली आणि आयुक्तांना ती देण्यास वस्तुस्थितीचा आधार आहे हेही मान्य केले. मात्र बेसबॉलवर पैज लावल्याचे त्याने कबूलही केले नाही आणि नाकारलेही नाही. एक वर्षानंतर बंदी उठवण्यासाठी अर्ज करण्याची मुभा त्याला होती. दुसऱ्या दिवशी जियामाटी यांनी पत्रकारांसमोर निर्णय जाहीर केला. प्रश्न विचारल्यावर त्यांनी सांगितले की समोर असलेल्या पुराव्यावरून रोझने बेसबॉलवर पैजा लावल्या, असे आपले मत झाले आहे. त्याच दिवशी सिनसिनाटीत रोझने आपण तसे केले नसल्याचे सांगितले. आठवड्याभरात, १ सप्टेंबरला, जियामाटी हृदयविकाराच्या झटक्याने वारले. करार करणाऱ्या दोघांपैकी एकच उरला आणि तो पुढची पंधरा वर्षे खोटे बोलत राहिला.

१९९० मध्ये प्राप्तिकराची खोटी विवरणपत्रे भरल्याच्या गुन्ह्यात त्याला पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या गुन्ह्याचा बेसबॉलच्या शिक्षेशी संबंध नाही आणि येथे त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. २००४ साली आत्मचरित्रात त्याने पहिल्यांदा कबूल केले की मॅनेजर असताना आपण रेड्सवर पैजा लावल्या. त्याने काळ सांगितला तो मात्र १९८७ पासूनचा, म्हणजे खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यानंतरचा. २०१५ मध्ये त्याच्या एका सहकाऱ्याकडून जप्त झालेली वही उजेडात आली. तिच्यात १९८६ मध्ये, रोझ स्वतः मैदानात खेळत असतानाच्या काळातील पैजांच्या नोंदी होत्या. कबुलीजबाबही पुरता खरा नव्हता, हे त्या वहीने दाखवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मॅनफ्रेड यांनी त्याचा अर्ज फेटाळला.

‘मी आमच्याच संघावर लावले’

रोझच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा मुद्दा असा की त्याने पैज लावली ती आपला संघ जिंकेल यावर. मग त्यात कोणाचे काय गेले? जिंकण्यासाठीच तर तो खेळत होता. सामान्य प्रेक्षकाला हे पटते आणि पटणे स्वाभाविक आहे. म्हणून या मुद्द्यावर जरा थांबावे लागेल.

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. हे सामने बहुतेक रोज होतात. पिचरचा खांदा आणि कोपर ही या खेळातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात ज्या भरवशाच्या पिचरला आणले जाते, त्याने लागोपाठ दोन दिवस चेंडू टाकले असतील तर शहाणा मॅनेजर तिसऱ्या दिवशी त्याला बसवून ठेवतो, मग त्या दिवशीचा सामना हातचा गेला तरी चालेल. आता त्या तिसऱ्या दिवशीच्या सामन्यावर मॅनेजरचे स्वतःचे हजारो डॉलर लागलेले असतील, तर तो कोणता निर्णय घेईल? तो नेमके काय करेल हे मला सांगता येणार नाही, आणि खेळाला जे नको असते ते नेमके हेच. निर्णय हंगामासाठी घेतला की त्या रात्रीच्या पैजेसाठी, हे ना प्रेक्षकाला कळू शकते, ना त्या पिचरला, ज्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. मॅनेजर कोणत्या सामन्यांवर पैज लावतो आणि कोणते सोडतो, हे त्याची पैज घेणाऱ्या बुकीला कळते. सोडलेला सामना म्हणजे बुकीला मिळालेली खबर: आज संघातल्या माणसालाच भरवसा नाही. अशा वेळी मॅनेजरला संघाविरुद्ध पैज लावण्याची गरजच उरत नाही. २००७ साली रोझने सांगितले की आपण दररोज रेड्सवर पैज लावत होतो, म्हणजे असा कोणताही संकेत जात नव्हता. त्याच्या या म्हणण्याला अहवालात आधार सापडत नाही. शिवाय सट्ट्यात हरणारा माणूस कर्जात जातो, आणि त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक भागात सट्टा बेकायदेशीर असल्यामुळे ते कर्ज गुन्हेगारांचे असे. ज्याच्या हातात संघ आहे त्याची मानगूट कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

हा नियम रोझसाठी नवा काढलेला नव्हता. १९४३ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजचे मालक विल्यम कॉक्स यांना स्वतःच्याच संघावर पैजा लावल्याबद्दल लँडिस यांनी कायमचे बाहेर काढले होते. मॅनफ्रेड यांच्या निर्णयाने ज्यांचे नाव निघाले ते एकमेव मालक हेच.

तरीही रोझच्या बाजूचा एक युक्तिवाद असा आहे, ज्याचा मला आदर आहे. हॉल ऑफ फेम खेळाडू रोझला हवे आहे, मॅनेजर रोझला नको, आणि गुन्हा मॅनेजर रोझचा आहे, असे त्याचे चाहते म्हणतात. १९६३ ते १९८४ पर्यंतचा खेळाडू कोणी डागाळलेला नाही. हे दोन भाग खरोखर वेगळे करता आले असते, तर मी कदाचित दुसऱ्या बाजूला गेलो असतो. पण १९८६ची वही खेळाडू रोझच्या काळातली आहे. ज्या सामन्यांतून विक्रम घडला त्यांच्यात तोच खेळाडू, तोच निवडकर्ता होता आणि अहवालानुसार त्याच हंगामात पैज लावणाराही तोच होता. मॅनेजर कुठे सुरू होतो आणि खेळाडू कुठे संपतो ही सीमारेषा रोझने स्वतःच पुसून टाकली होती.

१९९१चा ठराव

हॉल ऑफ फेमसाठी मतदान करणाऱ्या बेसबॉल लेखकांच्या नियमात खेळाडूच्या कामगिरीबरोबर त्याची सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही विचार करावा, असे पूर्वीपासून म्हटलेले आहे. रोझचे नाव १९९२च्या मतपत्रिकेवर येणार होते. ४ फेब्रुवारी १९९१ रोजी हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळाने ठराव केला की अपात्रांच्या यादीत असलेल्या कोणाचेही नाव मतपत्रिकेवर येणार नाही. ठरावात रोझचे नाव नव्हते, पण तो कोणासाठी होता हे सर्वांना ठाऊक होते. पुढच्या वर्षी ४१ मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने त्याचे नाव लिहिले. ती मते मोजली गेली नाहीत.

ही पद्धत मला तेव्हाच्या कारणांसकट अयोग्य वाटते. आयुक्तांची शिक्षा खेळात काम करण्यापुरती होती. सन्मान देणारी संस्था वेगळी होती आणि तिच्या मतदारांना चारित्र्य तोलण्याचा अधिकार आधीच होता. बॅरी बाँड्सच्या बाबतीत काय झाले ते पाहावे. ७६२ होम रनचा विक्रम त्याच्या नावावर आहे. उत्तेजक द्रव्यांच्या वापराचा संशय त्याच्यावर होता, पण तो अपात्रांच्या यादीत नव्हता. लेखकांनी दहा वर्षे त्याच्या नावावर मतदान केले आणि २०२२ मध्ये शेवटच्या संधीलाही त्याला आवश्यक ७५ टक्के मते दिली नाहीत. एक निर्णय झाला, तो उघडपणे झाला, आणि तो मतदारांनी घेतला. रोझच्या बाबतीत असा निर्णय कधी झालाच नाही. मतदारांनी त्याला नाकारले असते, तर ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे पालुपद त्याला इतकी वर्षे म्हणता आले नसते. कूपर्सटाऊनमध्ये दरवर्षी नव्या मानकऱ्यांचा सोहळा असतो. त्या दिवसांत रोझ तिथल्याच मुख्य रस्त्यावरच्या दुकानात बसून पैसे घेऊन सह्या देत असे. ‘बेसबॉलवर पैज लावल्याबद्दल क्षमा असावी’ असे वाक्य लिहिलेले सहीचे चेंडूही त्याने विकले. मला हे दृश्य दोन्ही पक्षांना लाजवणारे वाटते.

इतर उदाहरणांच्या शेजारी

तुलनेशिवाय कठोरपणा आणि अन्याय यांतला फरक कळत नाही. १९६३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधील पॉल हॉर्नंग आणि अॅलेक्स कॅरस या दोन आघाडीच्या खेळाडूंना लीगच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल एका हंगामासाठी बाहेर बसवण्यात आले. हॉर्नंगने आढेवेढे न घेता चूक कबूल केली, शिक्षा भोगली आणि परत येऊन खेळला. १९८६ मध्ये त्याला त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कॅरसला ते २०२० मध्ये, मृत्यूनंतर आठ वर्षांनी मिळाले. या दोघांच्या सन्मानाला माझी हरकत नाही. सट्ट्यामुळे बंदी आली म्हणून सन्मानाचा मार्ग कायमचा बंद, असे सरसकट सूत्र त्यामुळेच मला मान्य नाही. शिक्षा एका हंगामापुरतीच राहिली, हॉर्नंगची कबुली तत्काळ होती आणि दोघांपैकी कोणाच्याही हातात संघ चालवण्याची सूत्रे नव्हती.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला १९८१ची हेडिंग्ले कसोटी आठवेल. इंग्लंड पराभवाच्या छायेत असताना ५०० ला १ असा भाव लागला आणि ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने १० पौंड, रॉड मार्शने ५ पौंड इंग्लंडवर, म्हणजे स्वतःच्या संघाविरुद्ध लावले. इंग्लंड १८ धावांनी जिंकले आणि दोघांना मिळून ७,५०० पौंड मिळाले. त्या दोघांनी सामना सोडला असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. त्या काळी तशा पैजेला मनाई करणारा नियमही नव्हता. दोघेही आज आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. हे उदाहरण मला अस्वस्थ करते, कारण कृतीपुरते पाहिले तर ते रोझच्या कृतीपेक्षा वाईट आहे. फरक इतकाच की एकदाच केलेली ती हौस होती आणि नियम मोडून, लपवून, तीन हंगाम चाललेला तो व्यवहार नव्हता. हा फरक मी पुरेसा मानतो, पण काठावरचा.

हॅन्सी क्रोनिएचे प्रकरण दुसऱ्या टोकाचे आहे. २००० साली दिल्ली पोलिसांनी टेप केलेल्या संभाषणांतून ते बाहेर आले. दक्षिण आफ्रिकेच्या त्या कर्णधाराने बुकींकडून पैसे घेतल्याचे कबूल केले, त्याच्यावर आजीवन बंदी आली आणि जून २००२ मध्ये विमान अपघातात तो वारला. पैसे घेऊन खेळ विकणे आणि स्वतःचे पैसे लावणे यांत फरक आहे, आणि रोझ या दुसऱ्या वर्गातला आहे हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावरील आजीवन बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरवली असल्यामुळे ते प्रकरण मी या तुलनेत घेत नाही.

‘आता तर लीगच सट्ट्यावर जगते’

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केला. त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलने एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो कंपनीशी अधिकृत भागीदारी केली. शिकागोच्या ऐतिहासिक रिगली फील्डला लागून आज ड्राफ्टकिंग्जचे सट्टाघर उभे आहे. मग रोझला कोणत्या तोंडाने नाकारायचे, असा सवाल केला जातो. त्यातला संताप रास्त आहे. सट्ट्याच्या जाहिरातींवर पैसा कमावणाऱ्या संस्थेने नैतिकतेचा आव आणू नये.

पण या सवालातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्या दिवशी सट्टा प्रत्येकाच्या मोबाइलवर आला, त्या दिवशी मैदानातल्या माणसाने त्यापासून दूर राहण्याची गरज वाढली. जून २०२४ मध्ये टुकुपिटा मार्कानो या खेळाडूला बेसबॉलवर, त्यातही आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल त्याच नियम २१ खाली कायमचे बाहेर काढण्यात आले. ज्या सामन्यांवर त्याने पैजा लावल्या त्यांत दुखापतीमुळे तो खेळतही नव्हता. चोविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. रोझला त्याच अपराधासाठी कांस्यफलक मिळाला, तर मार्कानोला काय सांगायचे? त्याने चार हजार हिट्स आधी मारायला हव्या होत्या, एवढेच ना? मोठ्या खेळाडूला वेगळा आणि छोट्याला वेगळा न्याय देण्याची सवय आपल्याकडेही आहे. म्हणूनच मला या प्रश्नाची धार अधिक जाणवते.

डिसेंबर २०२७

मॅनफ्रेड यांच्या निर्णयामागील तर्क मला मान्य आहे. हयात नसलेला माणूस खेळाला धोका पोहोचवू शकत नाही, आणि आयुष्यभर टिकणाऱ्या शिक्षेचा धाक पुरेसा आहे, असे त्यांनी म्हटले. बंदी हा बचावाचा उपाय होता, त्याचे काम संपले. निर्णयाआधी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी रोझच्या बाजूने जाहीर आग्रह धरला होता. तो नसता तर निर्णयाचे वजन वाढले असते.

आता पुढची पायरी ठरलेली आहे. १९८० पूर्वीच्या काळातील खेळाडूंचा विचार करणारी हॉल ऑफ फेमची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. त्याआधी एक छाननी समिती आठ नावांची मतपत्रिका तयार करेल. समितीत सोळा सदस्य असतील आणि निवडीसाठी बारा मते लागतील. रोझचे नाव त्या मतपत्रिकेवर यावे, असे मला मनापासून वाटते, कारण १९९२ मध्ये व्हायला हवे होते ते मतदान एकदा झालेच पाहिजे. त्या सोळांत माझे मत असते, तर ते नकाराचे असते.

या नकाराने त्याचे काही हिरावले जात नाही. ४,२५६ हा आकडा विक्रमांच्या पुस्तकात आहे आणि कोणी तो खोडावा असे कोणी म्हटलेले नाही. कूपर्सटाऊनच्या संग्रहालयात त्याच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. तिथे नाही तो फक्त फलक. सिनसिनाटीने २०१६ मध्ये त्याला संघाच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले, त्याचा १४ क्रमांक निवृत्त केला आणि पुढच्या वर्षी मैदानाबाहेर पुतळा उभारला. ज्या शहराने त्याला घडताना पाहिले त्याने तसे करावे, हे समजण्यासारखे आहे. मात्र फिलाडेल्फियाने त्याच २०१७ साली ठरलेला गौरव रद्द केला. १९७०च्या दशकात आपण अल्पवयीन असताना रोझने आपल्याशी संबंध ठेवल्याचे एका महिलेचे शपथेवरील निवेदन तेव्हा न्यायालयात सादर झाले होते. संबंध रोझने मान्य केला, ती सोळा वर्षांची असल्याचा आपला समज होता असे तो म्हणाला. चारित्र्याचा विचार करण्याचे बंधन असलेल्या समितीला सट्ट्यापलीकडचे हे पानही उघडावे लागेल.

जॅक्सनचे नाव त्याच मतपत्रिकेवर आले, तर त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. पराभवाच्या कारस्थानात त्याने ५,००० डॉलर घेतले, हे त्याने १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर सांगितले. त्याच मालिकेत त्याने १२ हिट्स मारून ०.३७५ ची सरासरी राखली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या नियमाखाली रोझ सापडला तो जॅक्सनच्या वेळी त्या स्वरूपात लिहिलेलाही नव्हता. त्याच्या बाबतीतही माझा कल नकाराकडेच आहे, कारण पैसे घेतले होते. पण समितीतल्या कोणी होकार दिला, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. रोझच्या बाबतीत मात्र मी वाद घालेन.